वॉलआयसाठी तळं शोधताना

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही डॅलसहून मिनेसोटात आलो. खोकी अजून फोडायची होती, आणि लेक शाळेतून विचारत आली, "आई, इथे सगळे वॉलआय पकडतात. आपण कधी जायचं?" तिच्या वर्गातल्या मुलाने आजोबांबरोबरचा फोटो आणला होता. सोनेरी-हिरवट अंगाचा, काचेच्या गोट्यांसारख्या डोळ्यांचा लांबट मासा. १९६५ पासून हा इथला राज्यमासा आहे, त्यामुळे चौथीच्या वर्गात त्याचा मान मोठा.

मी भंडाऱ्याची, तलावांच्या जिल्ह्यातली. आमच्या गावाला मामा तलाव आहे. मामा म्हणजे माजी मालगुजारी, कुणाचा मामा नव्हे. पण मासे पकडणं ढीवर मंडळींचं काम, आम्ही काठावर बसून बघणारे. यंदा कुठल्या तलावात मासा चांगला आहे हे विचारायला बाबा एका ढीवर काकांकडे जायचे. काका पाण्यात हात घालायचे, रंग बघायचे आणि सांगायचे. मिनेसोटात असे काका नव्हते, आणि दहा एकरांहून मोठी तळी होती ११,८४२. योग्य तळं सापडायला मला जून उजाडला. माझ्यासारखंच कुणी नवखं, बोट नसलेलं, लेकरू सोबत घेऊन निघणारं असेल, तर त्याचे थोडे दिवस वाचावेत म्हणून हे लिहितेय.

सुरुवात परवान्यापासून झाली. सोळा वर्षांखालच्या रहिवासी मुलांना परवाना लागत नाही, मोठ्यांना लागतो. २०२४ मध्ये रहिवाशाचा वर्षाचा परवाना २५ डॉलरचा होता, वर वितरणाचे किरकोळ पैसे. बाहेरच्याला दुपटीहून जास्त. रहिवासी ठरायला राज्यात सलग ६० दिवस राहिलेलं असावं लागतं. आम्ही ५ फेब्रुवारीला आलो होतो, म्हणजे एप्रिल उजाडणार. तोवर ड्रायव्हिंग लायसन्स टेक्सासचं बदलून इथलं करू म्हटलं, कारण परवान्याच्या अर्जात तो नंबर लागतो. पहिल्या खेपेला मला परत पाठवलं. घराचा भाडेकरार नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, माझ्या नावाचा, पत्ता सांगणारा एकही कागद जवळ नव्हता. चूक माझीच. दुसऱ्या खेपेला बँकेचं पत्रक नेलं आणि पिवळा तात्पुरता कागद घेऊन आले. कार्ड पाच आठवड्यांनी टपालाने आलं. तुम्ही नुकते आला असाल तर विजेच्या बिलावर आजच दोघांची नावं घाला, माशांसाठी नाही तरी बाकी सगळ्यासाठी लागतं.

परवान्याचं वर्ष १ मार्च ते फेब्रुवारीअखेर असतं. उशिरा घेतला तरी पैसे तेवढेच, म्हणून ज्यांना जमेल त्यांनी मार्चमध्येच घ्यावा. मी १३ एप्रिलला घेतला. आणि त्यानंतर आठवड्याने वाचलं की त्या वर्षी वॉलआयचा हंगाम सुरू होणार होता तोच शनिवार-रविवार इथे आयांना माफ असतो! मातृदिनाच्या त्या दोन दिवसांत रहिवासी आईला परवान्याशिवाय मासे पकडता येतात. नवरा म्हणाला, बाळंतपणाचे पैसे सरकारने नऊ वर्षांनी परत केले आणि तू आधीच भरून बसलीस. जूनमध्येही असाच एक शनिवार-रविवार असतो, पंधरा वर्षांपर्यंतचं मूल सोबत असलेल्या रहिवासी मोठ्यांसाठी. नुसतं बघायचं असेल, आवडेल की नाही ठाऊक नसेल, तर आधी त्या दिवसांत जा. काही राज्य उद्यानांत गळ-दांडीही फुकट वापरायला देतात. मी मात्र दुकानात जाऊन दोघींना मिळून ८४ डॉलर घालवून आले होते.

आता मुद्द्याचं, तळं कुठलं?

ऑफिसात विचारलं. माणसं प्रेमळ, कुणी जेवायला बोलावलं, कुणी जुने बर्फाचे बूट दिले, पण तळ्याचं नाव विचारलं की सगळे हसून म्हणायचे, "वर, उत्तरेला." उत्तरेला म्हणजे कॅनडापर्यंत काहीही. जास्तच खोदून विचारलं की मोठी नावं यायची: मिल लॅक्स, लीच लेक, विनिबिगोशिश, लेक ऑफ द वुड्स, अपर रेड. ही नावं सांगण्यात कुणाचंच काही जात नाही. तळी एवढी मोठी की एका माणसाने काही फरक पडत नाही. आपल्या घराजवळची जागा मात्र कुणी सांगत नाही.

मग राज्याच्या निसर्गसंपदा खात्याचं लेकफाइंडर हाती लागलं. तळ्याचं नाव टाकलं की खोली, नकाशा, पाहणीचे आकडे, सोडलेलं मत्स्यबीज, पाण्याचा नितळपणा, सगळं उघडं. पहिल्या रात्री मी दोन वाजेपर्यंत बसले आणि काहीच कळलं नाही. पुढचे तीन आठवडे रोज थोडं थोडं वाचत गेले. हळूहळू जे उमगलं ते इथे जरा सविस्तर सांगते, कारण माझे सगळ्यात जास्त दिवस यातच गेले.

पाहणीच्या तक्त्यात दोन प्रकारची जाळी दिसतात. ट्रॅपनेट काठाशी लावतात, त्यात सनफिश, क्रॅपी असे मासे मोजतात. वॉलआयसाठी बघायचं ते गिलनेट, म्हणजे पाण्यात भिंतीसारखं उभं सोडलेलं जाळं. मासा घुसतो आणि कल्ल्यापाशी अडकतो. तक्त्यात लिहिलेलं असतं एका जाळ्यामागे सरासरी किती वॉलआय सापडले, आणि शेजारीच त्या जातीच्या तळ्यांत साधारण किती सापडतात त्याचा पट्टा. मी सुरुवातीला नुसता मोठा आकडा शोधत होते. एका तळ्यात जाळ्यामागे अकरा! नाचायचीच बाकी होते. मग सरासरी वजन बघितलं, पाऊण पौंडही नाही. म्हणजे सगळी पोरं. दुसऱ्या एका तळ्यात जाळ्यामागे दोनच, पण वजन साडेतीन पौंड. म्हणजे मोजके म्हातारे. दोन्ही आकडे एकत्र वाचायचे असतात, आणि त्याखाली लांबीचा तक्ता असतो तो तर वाचायचाच. मला ताटात घेण्यासारखे, चौदा ते अठरा इंचांचे मासे हवे होते, तर त्या रकान्यात काहीतरी हवं. आणि पाहणीचं साल! माझ्या यादीतलं एक देखणं तळं बारा वर्षांपूर्वीच्या पाहणीवर देखणं होतं.

दुसरा तक्ता मत्स्यबीजाचा. बऱ्याच तळ्यांत वॉलआय आपणहून वाढत नाही, खातं सोडतं म्हणून असतो. त्याला अंडी घालायला वाहतं किंवा लाटांनी धुतलेलं खडे-गोट्यांचं तळ लागतं. वसंतात नुकती फुटलेली पिलं सोडतात, शरदात बोटभर. बोटभर पिलू पकडण्याजोगं व्हायला तीनेक वर्षं जातात, म्हणून मी २०२० आणि २०२१ च्या ओळींवर बोट ठेवून वाचत होते. बीज नियमित सोडलंय आणि तरीही जाळ्यात काही नाही, असं दिसलं की मी ते तळं खोडलं. काहीतरी त्याला तिथे जगू देत नसणार.

तिसरी गोष्ट पाण्याची. पांढरी तबकडी पाण्यात सोडतात आणि दिसेनाशी होते ती खोली फुटांत लिहितात. वॉलआयच्या डोळ्यांच्या मागे उजेड परतवणारा थर असतो, मांजरीच्या असतो तसा. त्यामुळे त्याला अंधारात दिसतं आणि भर उन्हात नको होतं. पाणी बारा-चौदा फूट नितळ असेल तर तो दिवसभर खोलात आणि सांजेनंतरच काठाशी. पाणी चहासारखं गढूळ असेल तर दुपारीही मिळू शकतो. हे वाचलं तेव्हा मला ढीवर काका आठवले. ते पाण्यात हात कोपरापर्यंत घालायचे आणि बोटं दिसतात का बघायचे. लहानपणी मला वाटायचं पाणी गार आहे का बघतात.

चौदा तळ्यांची यादी केली, घरापासून तासाभरात असलेली. बोट नाही हे मी यादीतल्या सगळ्यात वरच्या ओळीत लिहायला हवं होतं, मी ते सगळ्यात शेवटी लिहिलं. ती ओळ लिहिल्यावर, म्हणजे काठावर सार्वजनिक धक्का नसलेली खोडल्यावर, नऊ तळी गेली. धक्क्याच्या टोकाशी निदान सात-आठ फूट पाणी हवं असं नकाशावर बघितल्यावर उरली तीन.

हंगाम ११ मेला, शनिवारी, मध्यरात्री बारा वाजता उघडणार होता. शुक्रवारी रात्री अकराला आम्ही तिघं घराजवळच्या तळ्यावर गेलो, नुसता सराव म्हणून. बोटी उतरवायच्या उतारावर वीस-पंचवीस माणसं, घड्याळाकडे बघत. आणि एकेक करून सगळ्यांनी माना वर केल्या. १० मेची ती सौरवादळाची रात्र होती, जगभर त्याच्या बातम्या झाल्या. हिरवे, गुलाबी पडदे डोक्यावर हलत होते आणि खाली तळ्यातही. बारा वाजले, गळ टाकायचं बहुतेकांच्या लक्षात राहिलं नाही. शेजारचे एक आजोबा हंगामाच्या पहिल्या रात्री पन्नास वर्षं येताहेत. ते वैतागून म्हणाले, "मासा उजेडाला घाबरतो, आणि आजच दिवे लावलेत." आम्हाला काही लागलं नाही. लेक गाडीत झोपली ती उचलूनच आणावी लागली.

पहिला मासा मिळाला तो मिल लॅक्सवर, २५ मेला. यादी बाजूला ठेवून तिथे गेले ती निव्वळ अधीरपणामुळे. घरापासून दोन तास, महामार्ग १६९ ने सरळ वर. गॅरिसनला रस्त्याकाठी वॉलआयचा अवाढव्य पुतळा आहे, लेकीने त्याच्यासोबत फोटो काढला. तिथे मोठ्या सामायिक बोटीवर जागा मिळते, अर्ध्या दिवसाचे आम्ही माणशी साठ डॉलर दिले. गळ-दांडी, आमिष त्यांचं, परवाना आपला. तळं म्हणजे समुद्रच, पलीकडचा काठ दिसत नाही, आणि तरी सगळ्यात खोल जागा जेमतेम बेचाळीस फूट. वारा सुटला की लाटा लगेच उंच होतात. तिघांपैकी एक जण बोटीच्या कठड्याला धरून होता, कोण ते सांगत नाही.

लेकीला दोन आणि मला एक लागला. तिन्ही परत सोडले. मिल लॅक्सचे नियम इतर तळ्यांहून वेगळे, आणि दरवर्षी बदलतात. त्या दिवसांत एकच मासा ठेवता येत होता, तोही लांबीच्या अगदी अरुंद पट्ट्यात बसला किंवा अठ्ठावीस इंचांहून मोठा असला तर. माझा चोवीस इंची होता, कशातच न बसणारा. बोटवाल्याने कारण सांगितलं. १८३७ च्या तहात इथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांनी जमीन दिली, मासेमारीचा हक्क राखला. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क मान्य केला. आता दरवर्षी किती मासा काढायचा ते राज्य आणि ओजिब्वे मिळून ठरवतात. त्यात २००५ पासून झेब्रा शिंपले घुसलेत, त्यांनी पाणी गाळून नितळ केलं, आणि नितळ पाणी वॉलआयला सोसत नाही. बोटीवर काही जण कुरकुरत होते. मला मात्र ते ऐकायला बरं वाटलं. आमच्याकडेही तलाव कुणाचा, मासा कुणाचा, यावरून पिढ्यान्पिढ्या बोलणं चालू आहे. जायच्या आधी त्या विशिष्ट तळ्याचा नियम वाचा, एवढंच सांगते. राज्यभरचा साधा नियम २०२४ मध्ये सहा माशांचा होता, त्यातला वीस इंचांहून मोठा एकच.

जूनमध्ये यादीतली तीन तळी घेतली. पहिलं चौदा फूट नितळ. दोन संध्याकाळी गेलो, नऊला परतलो, फक्त सनफिश. चूक तळ्याची नव्हती, आम्ही निघायच्या वेळी वॉलआय काठाशी यायला निघत असणार. पण लेकीला शाळा होती आणि डास होते. डासांबद्दल मी वेगळं लिहीन. दुसऱ्या तळ्यावर गेलो तर त्या जूनच्या पावसाने पाणी इतकं चढलेलं की धक्क्याकडे जाणारी वाट घोटाभर पाण्यात. हे कुठल्या तक्त्यात येणार? तेव्हा सुचलं की जवळच्या आमिषाच्या दुकानात विचारावं.

दुकानातल्या बाईंनी तळ्याचं नाव विचारलंच नाही. म्हणाल्या, "बोट की काठ? किती वाजेपर्यंत थांबू शकता? वारा कुठून आहे बघितलंत का?" मी तीन महिने आकडे वाचले होते आणि वारा बघितला नव्हता. वारा ज्या काठावर लाटा आपटतो तिकडे खाद्य जमतं, पाणी ढवळून उजेड कमी होतो, वॉलआय तिथे येतो. म्हणजे दक्षिणेचा वारा असेल तर उत्तर काठावरचा धक्का. माझ्या यादीतल्या तिसऱ्या तळ्याचा धक्का नेमका उत्तर काठावर होता. पाणी पाच फूट नितळ, जाळ्यामागे सहा, वजन दीड पौंड. बाईंनी यादी बघितली आणि त्यावर नखाने टिचकी मारली. बोलल्या काही नाहीत.

त्यांनी डझनभर जळवा दिल्या, सहा डॉलर. रोवणीच्या दिवसांत पायाला लागलेल्या जळवा मिठाने काढून फेकलेल्या मी पैसे मोजून जळवा घेतल्या! लेकीने घरी येऊन मोजल्या, तेरा निघाल्या. त्या थंड पाण्यात फ्रिजमध्ये आठवडाभर राहतात, नळाचं क्लोरीनचं पाणी मात्र थेट वापरायचं नाही. आमच्या फ्रिजमध्ये त्या कोथिंबिरीच्या चटणीशेजारी होत्या. नवरा चार दिवस चटणी खाल्ला नाही. उरलेलं आमिष तळ्यात टाकायचं नाही, कचऱ्यातच टाकायचं, आणि तळ्याचं पाणी डब्यात घरी आणायचं नाही, दोन्ही कायद्याने. शिंपल्यांची गोष्ट ऐकल्यावर त्याचं कारण वेगळं सांगावं लागत नाही.

३० जून, रविवार. दक्षिणेचा वारा. सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, आम्ही आठला पोचलो. धक्क्यावर सहा माणसं मावतात आणि आधीच चार होती, म्हणूनच तळ्याचं नाव इथे लिहीत नाही. ते चौघं माझं मराठी वाचणार नाहीत, पण तुम्ही वाचाल. एका माणसाला एकच गळ टाकता येतो. सरकता बॉबर, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, लावून जळू आठ फुटांवर सोडली, तळापासून फूटभर वर. नऊ वाजले. डास आले. नऊ वीसला लेकीचा बॉबर तिरका झाला, बुडाला नाही, नुसता बाजूला चालायला लागला. मी ओरडणार होते, शेजारच्याने हात वर करून थांबवलं. "मोज," तो तिला म्हणाला. तिने मराठीत पाचपर्यंत मोजलं आणि ओढलं.

जाळीत घेतला तेव्हा मी टॉर्च लावला आणि त्याचा डोळा पेटला. दुसरं काही म्हणता येत नाही. निखाऱ्यासारखा नाही, चंद्रासारखा, दुधाळ. लेक दचकून मागे झाली. शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका होता, तीच त्याची खूण. माशाच्या तोंडात बोट घालू नका, दात तीक्ष्ण असतात. कल्ल्याची झाकणंही कापतात, माझ्या अंगठ्यावर अजून वण आहे. शेपटी चिमटून मोजला, सोळा इंच.

मग साडेनऊला मला एक, पंधरा इंची. त्यानंतर काही नाही.

चार महिन्यांचा हिशेब नवऱ्याने मांडला: परवाना, दांड्या, मिल लॅक्सची बोट, पेट्रोल, जळवा. घरी आलेले मासे दोन. भागाकार त्याने मोठ्याने वाचला नाही, एवढा तो भला माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी तुकडे करून हळद, तिखट, मीठ, लसूण, वर तांदळाचं पीठ लावून तव्यावर परतले. मांस पांढरं, घट्ट, उग्र वास अजिबात नाही. पारा असतो म्हणून राज्याच्या आरोग्य खात्याने मर्यादा ठरवल्यात. लेकीच्या वयाला वॉलआय महिन्यातून एकदाच, तोही वीस इंचांच्या आतला. तो कागद फ्रिजवर लावलाय, तिने पुढच्या महिन्याच्या तारखेला गोल केलाय.

भंडाऱ्याला फोन लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, तक्ते, तबकडी, वारा, सगळं. मग विचारलं, "काटे किती निघाले?"

"जवळजवळ नाहीतच बाबा. मधली एक ओळ, बस."

ते जरा वेळ गप्प होते.

"काटेच नाही त मासा कायचा, बाई," ते म्हणाले आणि फोन आईकडे दिला.